मशीन वाढवावं की बदलावं? : जुन्नर-आंबेगावातल्या मिक्सिंगच्या दुकानांविषयी

ज्यांचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं त्यांनी व्हिडिओ मिक्सिंगच्या मशीनवर काय बोलायचं, असं आपल्यापैकी काहींना वाटलं असेल. आम्हाला मात्र हा विषय आमच्या विषयाच्या अगदी आतला वाटतो. जुन्नर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर, घोडेगाव या बाजारगावांत लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करणारी दुकानं आहेत. तुळशीची लग्नं लागली, सराई जवळ आली, की तिथे एकच चर्चा सुरू होते. मशीन वाढवायचं की बदलायचं? म्हणजे आहे त्यातच रॅम टाकायची, ग्राफिक कार्ड टाकायचं, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची, की जुनं देऊन टाकून नवंकोरं असेंबल करून घ्यायचं? प्रश्न पैशाचा आहे हे खरंच. पण कशाला 'तेच' म्हणायचं आणि काय गेलं म्हणजे 'ते गेलं' म्हणायचं, हा आमचा जुना प्रश्नही त्याच्या पोटात आहे.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना तयारीला वेळ मिळेल. कॅमेरा नवा आला, मग मशीन नवं, असा हिशेब आपल्याकडे केला जातो. मशीन किती लवकर काम उरकतं हे विचारलं जातं. ते काय काय वाचू शकतं, हे कुणी विचारत नाही. आमची तक्रार एवढीच आहे, पण ती छोटी नाही.

आधी थोडे आकडे. मिनी डीव्ही कॅसेटवरचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे एकूण ४,१४,७२० ठिपके. एचडीचं चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोबर पाचपट. आणि आता ज्याला फोर-के म्हणतात ते ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. एचडीच्या चौपट, कॅसेटच्या वीसपट. यावरून मालक मंडळी समजतात की चित्र पाचपट झालं तर मशीनही पाचपट पाहिजे. तसं नसतं. खरी गोम चित्राच्या आकारात कमी आणि ते कसं दाबून ठेवलंय यात जास्त आहे.

मिनी डीव्हीत प्रत्येक चौकट स्वतंत्र असते. जागा खाते, तासाला साधारण १३ जीबी, पण उघडायला सोपी. २००६ मध्ये एव्हीसीएचडीचे कॅमेरे आले आणि त्यांच्याबरोबर एच.२६४ ही दाबण्याची पद्धत दुकानांत शिरली. तिच्यात सेकंदाच्या २५ चौकटींपैकी पूर्ण अशा एक-दोनच. बाकीच्या जागी 'शेजारणीपेक्षा काय वेगळं' एवढीच नोंद. टाइमलाइनवर तुम्ही मधल्याच एका चौकटीवर बोट ठेवलंत की मशीनला आजूबाजूच्या अनेक चौकटी उलगडून मगच ती दाखवता येते. कोणतीही चौकट स्वतःच्या बळावर उभी नाही! प्रतीत्यसमुत्पाद शिकवताना हे उदाहरण हाताशी असतं तर आमचे दोन तास वाचले असते. जुन्या प्रोसेसरला मात्र यात काही गंमत वाटत नाही. तो अडखळतो, चित्र धक्के खात चालतं, आणि मालक म्हणतो, 'मशीन गेलं.'

बरेचदा ते गेलेलं नसतं. फुटेज आधी एखाद्या सोप्या, चौकट-चौकट स्वतंत्र ठेवणाऱ्या स्वरूपात बदलून घेतलं, किंवा प्रॉक्सी म्हणजे हलकी प्रत करून तिच्यावर काम केलं आणि शेवटी मूळ जोडलं, तर तेच मशीन आणखी दोन-तीन सराया सहज ओढतं. आपल्याकडे लग्नाच्या कामात एडियस फार चालतं, आणि एडियसमध्ये ही सोय केव्हाची आहे. वापरणारे मात्र थोडे, कारण 'रात्रभर कन्व्हर्ट लावून ठेवा' हे सांगण्यात विकणाऱ्याला काही मिळत नाही. नव्या कॅमेऱ्यांची दहा-बिट, चार-दोन-दोन रंगनोंदीची फुटेज घ्या. एनव्हीडियाची २०२५ पूर्वीची महागडी कार्डं ती स्वतः उलगडतच नाहीत. उलट इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमध्ये जे फुकट आलेलं ग्राफिक असतं, ते त्यातली एच.२६५ची फुटेज सहज उलगडतं. म्हणजे कार्डाच्या डब्यावरचा जीबीचा आकडा बघून हप्ते बांधून घेतले, आणि टाइमलाइन जिथल्या तिथे. कशाने अडतंय हे न पाहता बदलणं याला आम्ही सुधारणा म्हणणार नाही.

नीट सुधारणा कशी करतात ते पाहायला लांब जायला नको. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी एकत्र आणि बाकीच्या वाय आकाराच्या तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गेल्या दशकात या दुर्बिणीचं मोठं नूतनीकरण झालं. एका वेळी ती ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकायची, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. हे कसं साधलं? तबकड्या त्याच ठेवल्या. त्यांच्या तोंडाशी बसणारे ग्राहक बदलले, मधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलली, आणि शेवटी आकडेमोड करणारं जे यंत्र आहे ते नवं केलं. मौज अशी की त्या आकडेमोडीच्या यंत्रातही ग्राफिक कार्डाच्याच जातीचे प्रोसेसर आहेत. खोडदला आकाश ऐकायला आणि नारायणगावात हळदीचा व्हिडिओ रेंडर करायला एकाच कुळातली चिप.

त्या लोकांना दोन गोष्टींतला फरक कळला होता. काय झिजतं, काय शिळं होतं, ते बदलायचं. ज्याच्यामुळे आपण कान लावून बसू शकतो, ते सांभाळायचं. आता तोच प्रश्न मिक्सिंगच्या दुकानाला लावू. दुकानाची तबकडी कोणती?

इथे मिलिंद राजाची आठवण येणारच. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक की आस, की जू? एकेक भाग दाखवत गेलं तर रथ कुठेच सापडत नाही. मिलिंद यवन होता, आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत, एकाने भोजनमंडप दिला, एकाने पाण्याची टाकी. तेव्हा या भागात हा संवाद उपरा नाही. पण नागसेनाच्या उत्तरावर आम्ही एक गोष्ट जोडू. भाग मोजून रथ सापडत नसेल, तर तो कुणाला कुठे नेतो ते पाहा. मिक्सिंगच्या मशीनचा मदरबोर्ड बदलला, कॅबिनेट बदललं, तरी दुकानदार 'आमचं तेच मशीन' म्हणतो आणि ते बरोबरच आहे. मात्र ज्या दिवशी ते मशीन कपाटातली १९९८ची किंवा २००४ची कॅसेट वाचेनासं होतं, त्या दिवशी नावाला तेच राहून ते दुसरं झालेलं असतं. दुकानाची तबकडी म्हणजे ही वाचण्याची ताकद.

आणि नेमकी तीच पहिल्यांदा जाते. जुन्या मशीनमध्ये कॅप्चर कार्ड असतं, फायरवायरची खाच असते, जुनं विंडोज असतं आणि त्या कार्डाला ओळखणारा ड्रायव्हर असतो. नव्या मदरबोर्डवर यातलं काहीच नसतं. व्हीएचएसची गत याहून वाईट. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. जगभरच्या दृक्‌श्राव्य संग्रहपालांनी युनेस्कोच्या साथीने चुंबकीय फितींबद्दल जो इशारा दिला होता, त्यात २०२५ ही मुदत धरली होती. त्यानंतर फिती वाचणं अवघड आणि महाग होत जाणार, कारण फीत टिकली तरी ती चालवणारं यंत्र टिकत नाही. ती मुदत उलटली आहे.

आता टीकेकडे वळतो. नव्या मशीननी आपल्याला काय दिलं?

व्हीएचएसच्या तीन तासांच्या कॅसेटची आपण सगळ्यांनी थट्टा केली आहे. कारणही होतं. पंगत सुरू झाली की कॅमेरा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चालत जायचा, आणि प्रत्येक जण घास हातात धरून लाजायचा. आहेर करणाऱ्यांची रांग संपता संपायची नाही. मधेच बदाम, गुलाबाची फुलं, आणि नवरा-नवरीचं चित्र कमळात. रसिकतेच्या कसोटीवर यातलं फार थोडं टिकेल. पण त्या कॅसेटीत गाव असायचं. मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या, रुखवत मांडणाऱ्या बाया, आचारी, वाजंत्री, पायांत घुटमळणारी पोरं. कॅमेरामनला निवड करता येत नव्हती, आणि म्हणूनच कुणी वगळलं जात नव्हतं.

आजचा 'सिनेमॅटिक' तुकडा चार-पाच मिनिटांचा. शिवनेरीच्या पायथ्याशी नाहीतर माळशेजच्या धुक्यात प्री-वेडिंग, ड्रोन, पापणीपर्यंत स्वच्छ चेहरा, मागचं सगळं धूसर. ठिपके वीसपट झाले आणि माणसं दोन उरली. मागची धूसर मंडळी म्हणजे मावशी, चुलते आणि शेजारपाजार. लेन्सने त्यांना धूसर केलं, आणि मिक्सिंगवाल्याने उरलंसुरलं कापलं. याला तंत्र जबाबदार नाही, हे मान्य. एचडीत पंगत जास्त चांगली दिसेल! पण मशीन जे सोपं करतं ते आपण करत सुटतो, आणि या मशीननी सावकाश गती, रंग आणि कापाकापी सोपी केली.

तमाशाचं उदाहरण आणखी बोचरं आहे. नारायणगाव तमाशाचं गाव. विठाबाईंचं गाव. पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. तमाशाच्या व्हीसीडी बाजारात मिळायच्या तेव्हा चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे मिनी डीव्हीच्या चौथाईहूनही कमी. चेहऱ्यावरचे भाव ओळखायचे म्हणजे अनुमानच. परंतु कॅमेरा समोर उभा असायचा आणि गण, गवळण, बतावणी, वग ओळीने समोर यायचे. सोंगाड्याने टाकलेला शब्द आणि त्यावर प्रेक्षकांतून आलेली आरोळी, दोन्ही एकाच फितीवर. आजच्या एचडी तुकड्यात लावणीची वीस सेकंदं असतात, तीही सावकाश गतीत. लावणी सावकाश केली की काय होतं ते ज्याने ढोलकी ऐकली आहे त्याला सांगायला नको. घुंगरू पडतो एकीकडे, थाप दुसरीकडे. मग मूळ आवाज काढून टाकतात आणि वरून दुसरं गाणं चिकटवतात. नर्तकी राहते, ढोलकीवाला नाहीसा होतो. पाय आणि थाप यांचा संवाद ही या कलेची जान, आणि सगळ्यात स्वच्छ चित्रात ती दिसत नाही.

बैलगाड्याचंही थोडक्यात सांगतो. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी दिली, २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. शर्यती परत आल्या त्या ड्रोन आणि फोर-केच्या काळात. प्रत्येक बारीचा व्हिडिओ निघतो आणि वाद झाला की 'व्हिडिओ बघा' म्हणतात. पण २५ चौकटींच्या व्हिडिओत दोन चौकटींमध्ये सेकंदाचे ४ शतांश जातात, ५० चौकटींच्यात २. दोन गाड्यांत एका शतांशाचा फरक असेल तर तो चित्रात नाहीच, ठिपके कितीही असोत. इथे ठिपके वाढवण्यापेक्षा चौकटी वाढवणं शहाणपणाचं. कामाची गरज आधी पाहावी, ती अशी.

आता जी गोष्ट मनाला लागते तिच्याकडे येतो. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. घर असं जातं तेव्हा घरातला अल्बम आणि घरातली सीडी त्याच्याबरोबर जाते. प्रत उरलीच तर ती लेकीच्या सासरी, नाहीतर बाजारगावातल्या शूटिंगवाल्याच्या कपाटात. डोंगराकडेच्या गावांत विशी-पंचविशीपूर्वी हातात फोन नव्हते. पुष्कळ माणसांचं चालतं-बोलतं चित्र आयुष्यात एकदाच निघालं असेल, ते कुणाच्या तरी लग्नात, पंगतीत घास हातात धरून. ते कपाट म्हणजे या दोन तालुक्यांचं दफ्तर आहे, आणि ते वाचू शकणारं मशीन दरवर्षी एकेक करून भंगारात जातंय.

दुकानदाराची बाजू आम्हाला ठाऊक आहे. तो म्हणेल, गिऱ्हाइकाने पैसे चुकते करून माल नेला, माझी जबाबदारी संपली, कपाटाचं भाडं कोण देणार? कॅसेट महाग होती तेव्हा त्याच कॅसेटवर पुढचं लग्न घेतलं जायचं, तेही पोटासाठीच. त्याला दोष देऊन मोकळं होणं आम्हाला जमत नाही. गिऱ्हाईकही 'फोर-के आहे का?' एवढंच विचारतं. 'वीस वर्षांनी उघडेल का?' असं विचारणारं गिऱ्हाईक दुर्मीळ. ग्रामपंचायतीला, तालुक्याच्या वाचनालयाला हा आपला विषय वाटत नाही, कारण त्यांच्या लेखी दफ्तर कागदाचं असतं.

एक नवा धोका मात्र दुकानदारांच्याच हातचा आहे, तो सांगायला हवा. जुनी कॅसेट कुणी आणलीच तर ती 'एचडी करून' देतात. पहिला प्रकार : चार-तीनचं चित्र ताणून सोळा-नऊ करायचं. टीव्ही भरतो आणि आजोबा आडवे सुटतात. हे निदान विनोदी आहे. दुसरा प्रकार गंभीर. एआयचं सॉफ्टवेअर लावलं की धूसर चेहरा एकदम स्पष्ट होतो, सुरकुत्या येतात, डोळ्यांत चमक येते. हे तपशील कॅसेटवर नव्हते. सॉफ्टवेअरने हजारो इतर चेहरे पाहून 'असं असावं' म्हणून ते भरले. दिङ्नागाने प्रत्यक्षाची खूण सांगितली ती कल्पनापोढ, म्हणजे ज्यात कल्पनेची भर नाही ते. धूसर आजी प्रत्यक्ष आहे. स्वच्छ केलेली आजी कल्पना आहे, आणि तीही आपल्या घरातल्या कुणाची नाही. नातवाला ती हवी असेल तर खुशाल द्या, पण मूळ पुसून तिच्या जागी ती ठेवू नका. आमचा या बाबतीत आग्रह आहे, विनंती नाही.

तेव्हा करायचं काय? नवं मशीन घ्यायला आमची हरकत नाही. रोजचं काम त्यावर करा. जुनं मात्र देऊ नका. एक्स्चेंजमध्ये मिळून मिळून काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. ते इंटरनेटपासून तोडा, त्यावर एकही नवं सॉफ्टवेअर टाकू नका, आणि त्याला एकच काम ठेवा, कॅसेट उतरवण्याचं. जुनं गेलंच असेल तर पीसीआय एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड बाजारात मिळतंय तोवर घेऊन ठेवा, आणि चालू स्थितीतला एक मिनी डीव्ही कॅमेरा कुणी विकत असेल तर तो सोडू नका. एका गावात पाच दुकानं असतील तर पाचांत मिळून एक संच पुरे.

कॅसेट उतरायला जेवढ्या तासाची ती, तेवढाच वेळ लागतो, घाई चालत नाही. पण लग्नाच्या हंगामाबाहेर, पावसाळ्यात, दुकानं रिकामीच असतात. ५०० कॅसेटी तासाला १३ जीबीने धरल्या तर साडेसहा टीबी होतात. आठ टीबीच्या दोन डिस्क घ्या, एक दुकानात, एक दुसऱ्या गावी. डीव्हीचा प्रवाह जसा आहे तसाच ठेवा, दाबू नका, ताणू नका, आणि त्यातल्या एकाआड एक रेषा मोडून 'साफ' करू नका. तसं करताना बरीच सॉफ्टवेअर निम्म्या रेषा टाकून देतात. पश्चिमेकडच्या गावांतून आलेल्या कॅसेटला दमटपणामुळे बुरशी असते. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट सरळ यंत्रात घालू नका, एका कॅसेटची बुरशी हेडवरून पुढच्या दहांना लागते. अशा वेगळ्या काढून शेवटी घ्या.

आणि प्रत्येक लग्नाच्या फोल्डरमध्ये त्या लग्नाच्या पत्रिकेचा फोटो टाका. दोन्ही घरांची नावं, गावं, तिथी, मुहूर्त, मामाचं नाव, 'आपले नम्र' म्हणून खाली छापलेली सगळी भावकी, सगळं तिच्यावर असतं. यापेक्षा चांगली सूची कुणी ग्रंथपालसुद्धा करू शकणार नाही. पत्रिका नसेल तर कॅसेटच्या पाठीवर पेनाने जे नाव लिहिलंय त्याचा फोटो घ्या, मग ते अर्धवट पुसलेलं का असेना.